चुंबळीचं कापड

घानातल्या कुमासी शहरात, असाफो चौकातला ट्रॅफिक पोलीस मंत्र्याच्या गाडीला भीत नसे, पण बिरागो मॅडम बसलेली टॅक्सी दिसली की पोट आत ओढून घेई. एकदा ऐन गर्दीत तिनं टॅक्सी थांबवली होती आणि खाली उतरून त्याच्या काखेत दोन बोटं खुपसली होती.

"हा मुंढा कुणी कापला रे बाबा? हात वर केलास की सदरा पँटच्या बाहेर. सरकारची अब्रू अशी लोंबत ठेवायची का?"

"मॅडम, मागे गाड्या तुंबल्यात..."

"वाजवू देत भोंगे. उद्या जेवायच्या सुट्टीत दुकानावर ये. काख उसवून देते."

तो गेला आणि काख सैल करून आला. तेव्हापासून त्या चौकात तिची टॅक्सी कधी अडली नाही. याला कुणी लाच म्हणो, असाफोत त्याला शिवणकाम म्हणतात.

बिरागोला माणसाचा चेहरा नंतर दिसे, शिवण आधी. नवऱ्याच्या मयतात ती धाय मोकलून रडली, आणि रडता रडता पेटी खांद्यावर घेतलेल्या चौघांतल्या एकाची बाही लांब आहे म्हणून तिनं ती दुमडून दिली. लोक हसले. हसू देत. ज्याच्या बाह्या ठीक आहेत त्यानं हसावं.

सत्तावीस वर्षं तिनं शहराला गणवेश शिवून दिले होते. नऊ शाळांचे तपकिरी-पिवळे, दोन इस्पितळांतल्या नर्सांचे, एका बस कंपनीच्या ड्रायव्हरांचे. पंधरा मशीन होत्या, हाताखाली शिकून गेलेल्या मुलींची आपापली दुकानं होती. पण एक सल होता, आणि तो ती कुणापासून लपवत नसे. हे सगळे गणवेश दुसऱ्यांनी ठरवलेले. रंग दुसऱ्याचा, कापड दुसऱ्याचं, हिनं फक्त सुई चालवली. नक्षी आपली असावी, आणि त्या कापडाला बाजारानं नाव द्यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

हे मागणं तिच्या आईकडून आलेलं. आई, आचिआ, मोठ्या बाजारात कापड विकायची. गिरणीतून नव्या नक्षीचा गठ्ठा आला की बाया तो ओट्यावर पसरायच्या, कंबरेवर हात ठेवून बघायच्या आणि कुणीतरी एकदम नाव घ्यायची. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं त्याच नावानं मागू लागली की कापड तरलं. नाव न पडलेलं कापड उशांच्या खोळींना जायचं. नाव गिरणीनं द्यायचं नाही, ज्यानं नक्षी काढली त्यानं तर तोंडही उघडायचं नाही. बाजार देईल तेच खरं. आचिआनं उभ्या जन्मात एका कापडाला नाव दिलं होतं: 'शेजारणीचे कान लांब'. आई गेली, पण ते कापड अजून खपतं. भाडेकरू बाया घरमालकिणीसमोर मुद्दाम नेसतात.

"मरायच्या आधी माझ्या हातच्या एका कापडाला नाव मिळू दे," बिरागो म्हणायची. "मग मला खोक्यात घाला नाहीतर कोंबड्यांच्या पाटीत."

ती बावन्न वर्षांची झाली त्या साली एका बँकेचं बोलावणं आलं. बँकेचं नाव घेण्यात अर्थ नाही, आता तिथे सगळं सुरळीत आहे. आपल्याकडच्या अकरा शाखांतल्या सगळ्या माणसांना शुक्रवारी घालायचा खास पोशाख त्यांना हवा होता.

दुसरा कुणी चित्रांची वही घेऊन गेला असता. बिरागो मोठ्या बाजाराजवळच्या शाखेत गेली आणि दोन दिवस गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहिली. काउंटरवरची मुलगी नोटा मोजताना कोपर किती बाहेर काढते, खिडकीतून हात पुढे केला की पाठीवर कापड कसं ताणतं, दारावरचा पहारेकरी किती वेळा वाकून म्हाताऱ्यांना पायरी चढवतो, झाडूवाली बाई गुडघ्यावर बसते तेव्हा झगा कुठे अडकतो, सगळं बघितलं. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकासमोर उभी राहिली आणि एकेकाची नक्कल करून दाखवली. मिस्टर क्वेनू, राजधानी अक्राहून नुकताच बदलून आलेला गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस, टाळ्या वाजवायचा तेवढा राहिला.

"मॅडम, काम तुमचं. बेत तुमचाच. कापड मात्र मुख्य कचेरीनं आधीच छापून घेतलंय." त्यानं कपाट उघडलं. बँकेच्या निळ्या रंगावर पांढऱ्या पाकोळ्या, पंख पसरून उडत निघालेल्या.

बिरागो हसली. तो हसत नाही हे बघून थांबली.

"साहेब, थट्टा करताय ना?"

"थट्टा कसली? पाकोळी चपळ, आमची सेवा चपळ. सगळ्यांना फार आवडलं."

"या कापडाचं नाव माहितीये तुम्हाला?"

"कापडाला कसलं नाव?"

बिरागोनं खुर्ची ओढून बसून घेतलं. "तुमचं गाव कुठलं?"

"केप कोस्ट. का?"

"म्हणजे किनाऱ्यावरचे फान्टी लोक! मासा घेताना त्याची सात पिढ्यांची नावं विचारता, आणि कापडाचं विचारत नाही होय? आईला फोन करा, ती सांगेल. साहेब, हे 'पैशाला पंख असतात'. माझ्या आजीच्या वेळेपासून. बाजारातली कुठलीही बाई झोपेतून उठवून विचारा."

क्वेनू समजूतदारपणे हसला, आणि त्या हसण्यानंच तिचं डोकं फिरलं. "मॅडम, लोक व्याज बघतात हो. पाखरं कोण बघतंय!"

"लोक आधी माणूस बघतात. आणि माणूस कापडात असतो."

"हे बघा, कापड ठरलंय. शिवणार असाल तर अकराही शाखा तुमच्या."

एवढं मोठं काम तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. शाळांचा हंगाम संपला होता, निम्म्या मशीनवर फडकी पडली होती. बिरागोनं कापडावरून हात फिरवला. सूत चांगलं होतं, छपाईसुद्धा छान.

"नाही जमणार," ती म्हणाली आणि टेप गळ्यात अडकवून निघाली.

दुकानात हे ऐकून म्हाताऱ्या येबोआनं कात्री खाली ठेवली. येबोआ तिचा कटर मास्टर. सगळे त्याला वोफा म्हणत, म्हणजे मामा, आणि मामाचा टोमणे मारायचा हक्क तो पुरेपूर वसूल करी.

"तुला काय पाकोळ्या नेसायच्या होत्या? शिवायच्या होत्या! हातचं काम लाथाडून आलीस, आता बस बटणं मोजत."

"कॉलरच्या आत माझ्या नावाची पट्टी असते, वोफा."

"नको लावूस पट्टी!"

"पट्टी न लावता शिवू? मग बाजारात कुणी विचारलं, हे कुणी शिवलं, तर तू काय सांगशील?"

"सांगेन, एका आंधळीनं शिवलं."

"म्हणूनच नाही म्हणाले."

येबोआ पुटपुटत पुन्हा कापायला लागला. दिवसभर त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं, पण दुपारी मक्याचं केंके आणि तळलेली मासळी आणली तेव्हा मोठा तुकडा तिच्याच पानात ठेवला.

बँकेनं पोशाख अक्रातल्या एका कारखान्यातून शिवून आणले. लहान, मध्यम, मोठा, असे तीन साचे. माणसं मात्र तीन साच्यांत जन्मत नाहीत.

पहिल्या शुक्रवारी बिरागो दोरे घ्यायला मोठ्या बाजारात निघाली होती. बँकेवरून जायचं नाही असं ठरवून निघाली, आणि पाय बरोबर बँकेवरूनच गेले. दारापासून पार फळवाल्यांपर्यंत बायांची रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी नाना तिवा; 'नाना' ही मानाची हाक. ही कापडबाजाराची मुखत्यार, सत्तरीच्या पुढची, हिच्या शब्दावर बाजार उघडायचा आणि मिटायचा. हिच्यासाठी स्टूल आणलं होतं आणि ती त्यावर ऐसपैस बसली होती. काउंटरवरची मुलगी रडायच्या बेतात होती.

"नाना, तुमचे पैसे सुरक्षित आहेत हो."

"मग अंगावर काय घातलंयस, पोरी?"

"बँकेनं दिलंय."

"बँकेनं दिलंय! ऐकलंत गं? बँक स्वतःच सांगतेय की बायांनो, पैशाला पंख असतात. आता सांगूनसवरूनही आपण ठेवले, तर उद्या रडायचं कुणापाशी?"

मागून एकीनं आवाज दिला, "खिडक्या तरी लावून घ्या, बाकीचे उडतील!" रांगभर हशा पिकला, पण एकही बाई जागची हलली नाही. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच ते. थोड्या वर्षांपूर्वी ठेवी गोळा करणाऱ्या दोन पेढ्या कुलपं लावून पसार झाल्या होत्या, आणि या रांगेतल्या कितीतरी जणींच्या पोरींची लग्नं त्यात अडकली होती. दुधानं पोळलेली तोंडं होती ती.

क्वेनू मधोमध उभा राहून समजावत होता. त्याच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या, त्यामुळे हातवारे केले की पाकोळ्याच तेवढ्या फडफडत. बिरागोला त्याची कीव आली. ती सरळ आत गेली.

"साहेब, समजावू नका. समजावणारा माणूस जास्त खोटा दिसतो. सगळ्यांना आत न्या आणि हे सदरे उतरवा. बनियनवर उभं राहिलात तरी चालेल, पण ही पाखरं काउंटरवरून उठवा."

तिवाची नजर तिच्यावर गेली.

"आचिआची बिरागो ना तू? हे तू शिवलंस?"

"नाही, नाना. मला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले."

"मग हा पाखरं पांघरलेला शहाणा तुझं ऐकेना?"

"पाखरं कोण बघतंय, म्हणाले."

तिवानं क्वेनूला नखशिखान्त न्याहाळलं. अशी नजर विणकराचा घोटाळा सापडल्यावर पडते. "बरं, तू सांग. बँक पक्की आहे का?"

अकरा शाखांचं काम पुन्हा पदरात पाडून घ्यायचं असतं तर हीच वेळ होती. बिरागो म्हणाली, "बँकेचं मला काय कळतं, नाना? साहेबांना कापड कळत नाही, एवढंच मला कळतं."

ज्यांना पैसे काढायचे होते त्यांनी काढले, आणि बँकेनं शेवटच्या बाईपर्यंत चुकते केले, हेही खरं.

सोमवारी क्वेनू स्वतः दुकानात आला. चिंध्यांच्या ढिगाशेजारच्या बाकावर बसला. येबोआनं त्याच्याकडे बघून मोठ्यानं विचारलं, "मॅडम, आज पाखरं आली नाहीत वाटतं?" बिरागोनं त्याला डोळ्यांनी दटावलं.

"मॅडम, माझं चुकलं," क्वेनू म्हणाला. त्याला हे म्हणताना घाम फुटला, पण म्हणाला, आणि म्हणून बिरागोच्या मनातून त्याच्याबद्दलचा राग उतरला. "नक्षीसुद्धा तुम्हीच काढा."

"काढते. पण माझ्या तीन गोष्टी ऐकाव्या लागतील. मापं मी स्वतः घेणार, एकेकाची. झाडूवाल्या बाईला आणि पहारेकऱ्याला तेच कापड, जे तुम्हाला. आणि निळा रंग तुमचा, दुसऱ्या कुणी छापायचा नाही. पण तीच नक्षी इतर रंगांत बाजाराला मोकळी."

पहिल्या दोन गोष्टींना तो हो म्हणाला. तिसरीला उसळला. "आमची नक्षी बाजारात? मग खास आमचं काय राहिलं? मुख्य कचेरी ऐकायची नाही."

"साहेब, बाजारात न गेलेल्या कापडाला नाव पडत नाही. बिननावाचं कापड घालून तुमची माणसं उभी राहिली, तर परक्यासारखी दिसतील. आणि खरं सांगू? ते नाव मला हवंय. माझ्यासाठी."

इतकं सरळ कुणी मागत नाही. दोन दिवसांनी क्वेनूनं हो कळवलं.

नक्षीसाठी तिनं पंधरा दिवस घेतले. मोठी झाडं, ढाली, सिंहासनं, सगळं काढून खोडलं. शेवटी बाजाराच्या पायऱ्यांवर उभी होती, समोरून बाया डोक्यावर ओझी घेऊन चढत होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ओझ्याखाली चुंबळ. पीळ दिलेल्या फडक्याचं ते वाटोळं वेटोळं. सगळा बाजार त्यावर तोलून धरलेला, आणि कुणी कधी त्याचं चित्र काढलं नव्हतं! तिनं चुंबळींची रांग काढली, पीळ नि पीळ दिसेल अशी, एक दुसरीत अडकवलेली.

"वा! नाणी," क्वेनू म्हणाला.

"तुम्हाला नाणी दिसत असतील तर नाणी," बिरागो म्हणाली.

मग सुरू झाली मापं. अकरा शाखा ती एकटी फिरली. पोटाचं माप सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचं नाही, हा तिचा नियम. कागदावर लिहायची आणि कागद उलटा ठेवायची. काउंटरवरची एक मुलगी लाजत म्हणाली, मॅडम, मला चौथा महिना आहे, अजून कुणाला सांगितलं नाही. बिरागोनं तिच्या झग्याच्या शिवणीत चार बोटं माया सोडली आणि कुणाला अवाक्षर बोलली नाही. येबोआ कुरकुरला, एवढं कापड आत दडवतेस, त्यात अजून एक सदरा निघेल. "माणसं भरतात, वोफा," ती म्हणाली. "भरलीच पाहिजेत. कपड्यानं त्यांना अडवू नये." क्वेनूचं माप घेताना तिनं त्याला तीनदा सरळ उभं केलं. बोलणी खाऊन आलेला माणूस खांदे पाडतो आणि सदरा मग पडलेल्या खांद्यांचा शिवला जातो, हे तिला ठाऊक होतं.

नवा पोशाख घालायच्या शुक्रवारी ती बँकेच्या समोर, रस्त्यापलीकडे उभी राहिली. दार उघडलं. पहारेकरी बाहेर आला आणि राजाच्या दरबारात उभा राहावा तसा उभा राहिला. मुलीनं खिडकीतून हात पुढे केला, पाठीवर एक सुरकुती पडली नाही. झाडूवाली बाई गुडघ्यावर बसली, उठली, झगा कुठे अडकला नाही. तिनं उठल्यावर कुणी बघत नाहीसं पाहून बाहीवरून हात फिरवला. रस्त्यापलीकडून बिरागो बघत होती. माझं आहे हे, ती मनाशी म्हणाली, सगळं माझं आहे.

पण बाजार बोलेना.

हिरव्या, विटकरी आणि पिवळ्या रंगातले गठ्ठे नाना तिवाच्या ओट्यावर येऊन पडले. बाया बघायच्या, बोटांनी चाचपायच्या, पुढे जायच्या. एकीनं 'नाणी' म्हणून पाहिलं, कुणी उचललं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बिरागो दोऱ्यांच्या निमित्तानं रोज बाजारात जायची. दुकानात दोऱ्यांची रिळं ठेवायला जागा उरली नाही. तिवा तिच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करायची, ओट्यावरच्या कापडाचं नाव काढायची नाही. विचारायचं कसं? विचारलं की संपलंच.

"माझी एक भाची आहे," येबोआ म्हणाला. "तिला पढवतो. बाजारात जाऊन मोठ्यानं एखादं छानसं नाव..."

बिरागोनं टेपच फेकून मारली. "उसनं नाव घेऊन काय करू? 'शेजारणीचे कान लांब' माझ्या आईनं कुणाला पढवलं नव्हतं!"

तिसरा आठवडा संपता संपता तिनं स्वतःची समजूत घातली. पोशाख तर झाला. माणसं त्यात शोभतात. एका जन्मात एवढं पुरे. उशांच्या खोळी तर उशांच्या खोळी, त्यावरही माणसंच डोकं टेकतात. असं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरे आणायला जायची.

त्या गुरुवारी एक अनोळखी बाई दुकानात शिरली. माम्पोंग गावाहून आली होती, काखेत गुंडाळी, बोलायची घाई. तिला घट्ट चोळी आणि पायघोळ घागरा शिवून हवा होता, गळा मोठा, बाह्या फुगीर.

"शनिवारी हवाय हं, मॅडम. नवरा ओबुआसीहून येतोय, खाणीवर असतो. बसमधून उतरला की समोर मी हेच नेसून उभी राहणार. एक शब्द बोलणार नाही. कापडच बोलेल."

बिरागोनं सवयीनं वही उघडली. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, कापड. "कुठलं कापड?"

"'मॅडमचं ऐक'," बाई म्हणाली आणि गुंडाळी सोडली. विटकरी रंगावर चुंबळी, पीळ नि पीळ.

बिरागोची पेन्सिल जागीच राहिली.

"तुम्हाला ठाऊक नाही? काल दुपारपासून बाजारात दुसरं काही मागत नाहीये कुणी! नाना तिवाच्या ओट्यावरून निघालं ते. अहो, कुणी एक शिवणारी मॅडम होती म्हणे. तिनं बँकेच्या साहेबाला बजावलं, हे घालू नका. तो म्हणाला, बायांचं काय ऐकायचं? आणि मग सगळी बँक बनियनवर आली!" बाई पोट धरून हसली. "माझ्या सासूनंसुद्धा घेतलंय, सासऱ्यांसाठी. खरंखोटं देव जाणे, पण मला ती मॅडम आवडते बाई."

येबोआनं तोंड उघडलं. बिरागोनं त्याच्याकडे न बघताच हात वर केला, आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उघडलेलं तोंड तसंच मिटलं. तिनं टेप घेतली, बाईच्या खांद्यांवर लावली.

"सरळ उभ्या राहा," ती म्हणाली. "आणि कापडाचं नाव परत एकदा सांगा. मशीनच्या आवाजात नीट कळलं नाही."

बाईला वाटलं, मॅडमला कमी ऐकू येतं. तिनं छाती भरून घेतली आणि अशा आवाजात सांगितलं की पंधराच्या पंधरा मशीन एकदम थांबल्या.

"मॅडमचं ऐक!"